वखारीचा दिवाणजी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला मावशीकडे जाऊन आलो. बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की मधे गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरता येतं, एवढी एक सोय आपल्या नशिबी आहे. मावशी राहते लष्करात, जयेंद्रगंजात. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं १८१० च्या सुमाराला जिथे तळ ठोकला ती जागा. तळ उठला नाही, त्याचं शहर झालं, आणि त्या शहरात आजही मराठी घरं आहेत. आपल्या भागाचं ग्वाल्हेरशी दुसरं नातं गाण्याचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्या मिरज-इचलकरंजीकडे आणली, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आमचं नातं मात्र साधं, सोयरिकीचं. १९७१ साली मावशीला निपाणीहून तिकडे दिली. पन्नास वर्षांत तिची हिंदी पक्की ग्वाल्हेरची झाली, मराठी अजून निपाणीची आहे, आणि राग आला की तोंडातून जे कन्नड येतं ते आज्जीच्या माहेरचं, बैलहोंगलचं.

या खेपेला तिला राग आला होता, आणि तो दादावर होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ.

झालं होतं असं. १९८४ साली मावशी बाळंतपणानंतर चार महिने निपाणीला राहिली होती. काकांनी तेव्हा नवाच टेपरेकॉर्डर घेतला होता, तो तिनं बरोबर आणला. आज्जी पहाटे जात्यावर बसली की मावशी बटण दाबून टेप शेजारी ठेवायची. आज्जी कन्नड घरातली, सासर मराठी. त्यामुळे जात्याच्या पहिल्या फेऱ्यांना बीसुकल्लिन पद, आणि घरात सासूबाई जाग्या झाल्याची चाहूल लागली की ओव्या, असा तिचा जन्मभराचा रिवाज. सासूबाई गेल्यावरही तो मोडला नाही. अशा पंचवीस-तीस कॅसेटी भरल्या. १९९१ साली आज्जी गेली. कॅसेटी मावशीच्या कपाटात राहिल्या.

२०२० च्या टाळेबंदीत दादानं एक चांगलं काम केलं. जुना टेप दुरुस्त करून सगळ्या कॅसेटी त्यानं संगणकात उतरवल्या. दोन महिने रोज तेच. संगणकात त्यानं नुकतीच एक एसएसडी बसवून घेतली होती, त्यावर सगळं ठेवलं. २०२२ साली घराला रंग काढताना कॅसेटींना बुरशी आलेली दिसली. 'आता संगणकात आहेच की' असं म्हणून त्या भंगारात गेल्या. आणि गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दोन-तीनदा वीज गेली-आली, त्यानंतर संगणक सुरू केला तर पडद्यावर एकच ओळ : डिस्क सापडत नाही.

"एनायतो, बाळ, तूच सांग," मावशी मला म्हणाली. "आईचा आवाज वीज गेल्यावर जातो होय?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. पण घरात 'प्रोफेसर' म्हटलं की सगळं येतं अशी समजूत असते. मग सुट्टीचे आठ दिवस मी याच शोधात घालवले, आणि बेळगावला परतल्यावर आमच्या कॉलेजातल्या संगणक विभागाच्या सहकाऱ्यांचं डोकं खाल्लं. जे समजलं ते इथे मांडतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता लग्नाचे फोटो, आजोबांची पत्रं आणि मुलांचे दाखले याच वस्तूत आहेत, आणि ती विकत घेताना आपण फक्त 'किती जीबी?' एवढंच विचारतो.

दादाची ड्राइव्ह दिल्लीला माहिती परत काढून देणाऱ्यांकडे पाठवली होती. तिथून उत्तर आलं की चिपा शाबूत आहेत, पण आतला कंट्रोलर बोलत नाही, त्यामुळे काही निघणार नाही. दादाला याचा अर्थच लागेना. माल शाबूत आहे तर तो मिळत का नाही?

मला मात्र ते ऐकताच आजोबा आठवले. आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. कुणाचा माल कधी आला, कुठल्या थप्पीत कितव्या थराला लावला, कुठला जुना झाला म्हणून आधी बाहेर काढायचा, कुठला भिजला म्हणून बाजूला ठेवायचा, हे सगळं त्यांच्या वहीत आणि त्याहून जास्त डोक्यात. एकदा त्यांना विषमज्वर झाला. वखार तिथेच, माल जिथल्या तिथे, कुलूप शाबूत. पण पंधरा दिवस एक पोतं धडपणे बाहेर निघालं नाही. शेवटी मालक घरी येऊन खाटेशेजारी बसले आणि विचारून विचारून चिठ्ठ्या लिहून नेल्या. आज्जी ही हकीकत मोठ्या तोऱ्यात सांगायची आणि वर म्हणायची, "वखार एष्ट दोड्डदैती अंत केळब्याड, लेक्का बरियांव यार अंत केळ."

एसएसडीची गोष्ट हीच आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि लिहिलेलं साधारण जिथल्या तिथे राहतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिपा. या चिपांची एक खोड आहे. त्यांच्यावर लिहिता येतं ते फक्त कोऱ्या जागेवर, आणि पुसायचं तर एक ओळ पुसता येत नाही, अख्खी पाटीच पुसावी लागते. शिवाय प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच पुसता येते. आज बाजारात मिळणाऱ्या टीएलसी जातीच्या चिपांना साधारण हजार ते तीन हजार वेळा, आणि क्यूएलसी जातीच्या स्वस्त चिपांना त्याहून कमी. म्हणून आत एक वेगळी चिप बसवलेली असते, तिचं नाव कंट्रोलर. तो एक छोटा संगणकच. सगळ्या पाट्या सारख्या झिजाव्यात म्हणून तो तुमचा माल सतत इकडून तिकडे हलवत असतो, खराब जागा वगळतो, वाचताना आलेल्या चुका गणितानं सुधारतो. आणि कुठली फाइल कुठे ठेवली याचा नकाशा त्याच्याकडे असतो, दुसऱ्या कुणाकडेही नाही. भरीला अनेक कंट्रोलर माल ठेवतानाच तो स्वतःच्या किल्लीनं कुलूपबंद करतात. तेव्हा चिपा काढून दुसरीकडे बसवल्या तरी वाचता येत नाहीत. दिवाणजी गेला, वही गेली, किल्लीही गेली.

हे कळल्यावर मी दादाला घेऊन जयेंद्रगंजातल्याच एका संगणकाच्या दुकानात गेलो. घरापासून चालत पाच मिनिटं. काउंटरवरच्या गृहस्थांनी लगेच चार खोकी पुढे ठेवली. मी विचारलं, "इसमें कंट्रोलर कौन सा है?"

"सर, पाँच सौ बारह जीबी है."

"वह नहीं. कंट्रोलर किसका है?"

"तीन साल की वारंटी है, सर."

त्यांचा दोष नाही. दिवसभरात शंभर माणसं येतात, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पण मागच्या बाजूला दुरुस्तीच्या टेबलावर एक विशी-बाविशीचा मुलगा बसला होता, त्यानं मान वर केली. "अंकल, इधर आइए." त्याच्याजवळ चपलांच्या खोक्यात मेलेल्या ड्राइव्ह होत्या, पन्नासेक तरी. त्यानं दोन-तीन उघडून दाखवल्या. बाहेरून तळहाताएवढी पेटी, आत अर्ध्या बिस्किटाएवढा हिरवा तुकडा, बाकी पोकळ. दादाला तर हसूच आलं. त्या तुकड्यावर दोन काळ्या चिपा मालाच्या, एक चौकोनी चिप कंट्रोलरची. मुलगा म्हणाला, खोक्यातल्या बहुतेक ड्राइव्ह घासून संपलेल्या नाहीत. आरोग्य नव्वद टक्के दाखवत होत्या आणि एका सकाळी उठल्या नाहीत.

हा मुद्दा मी नंतर कागदावर मांडून पाहिला, आणि तो पटला. कंपन्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा देतात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत हमी. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या ड्राइव्हला हा आकडा ३०० आहे. घरच्या संगणकावर रोज २० जीबी लिहिलं तरी (आणि तेवढं आपण लिहीत नाही) तो आकडा गाठायला १५ हजार दिवस, म्हणजे ४१ वर्षं लागतात. मग घरगुती ड्राइव्हच्या मरणाचं कारण चिपांची झीज असण्याची शक्यता किती? बिघडतो तो दिवाणजी, किंवा त्याला शिकवून ठेवलेले नियम, ज्याला फर्मवेअर म्हणतात.

याचे पुरावे थोरामोठ्यांच्या घरचे आहेत. २०११ साली इंटेलच्या ३२० या ड्राइव्हबद्दल तक्रारी आल्या. विशिष्ट स्थितीत अचानक वीज गेली की ड्राइव्ह पुन्हा सुरू झाल्यावर आपली क्षमता फक्त ८ एमबी सांगायची. ८ जीबी नव्हे, ८ एमबी! दिवाणजीला झटका बसावा आणि त्यानं 'आपली वखार म्हणजे हे कपाट' म्हणावं, तसं. इंटेलनं ऑगस्टमध्ये नवं फर्मवेअर देऊन ते सुधारलं. त्याच सुमाराला सँडफोर्स कंपनीचा एसएफ-२२८१ हा कंट्रोलर कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या ड्राइव्हमध्ये होता, आणि त्या सगळ्यांची गिऱ्हाइकं संगणक मधेच निळा पडदा दाखवून बंद पडतो म्हणून रडत होती. खोक्यांवरची नावं वेगळी, आतला माणूस एकच. क्रुशलच्या एम-४ ड्राइव्हचा किस्सा तर विनोदी आहे. ती एकूण ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालली की दर तासाला अडकायची. तास मोजणारा हिशेब चुकलेला. जानेवारी २०१२ मध्ये फर्मवेअर आलं आणि सुटका झाली.

पण हिशेबाच्या चुकीचा सगळ्यात भीषण नमुना २०१९ चा. एचपीई कंपनीनं त्या नोव्हेंबरात आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना कळवलं की तिच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि माहिती परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. दोनाचा पंधरावा घात ३२,७६८ येतो. मोजणारा आकडा त्या मर्यादेला भिडला की दिवाणजी बेशुद्ध. वेळेत फर्मवेअर बदललं तर काही होणार नव्हतं. मला यातली भीती वेगळीच वाटली. समजा एखाद्या कार्यालयानं काळजी म्हणून दोन ड्राइव्ह घेतल्या, एकाच जातीच्या, एकाच दिवशी बसवल्या. त्या दोन्ही एकाच तासाला जाणार! म्हणून घरची दुसरी प्रत ठेवताना ती दुसऱ्या जातीच्या वस्तूवर ठेवावी, हे मी तिथे शिकलो. जुळ्या भावांना एकाच बैलगाडीत बसवू नये.

आता तुम्ही विचाराल, मग घ्यायचं काय? दुकानातल्या त्या मुलाचं आणि आमच्या सहकाऱ्यांचं इथे बऱ्यापैकी एकमत झालं. सॅमसंग, एसके हायनिक्स, वेस्टर्न डिजिटल अशा काही कंपन्यांनी स्वतःचे कंट्रोलर केले आहेत. बाकी शेकडो नावं दुसऱ्याचा कंट्रोलर विकत घेतात, बहुतेक करून तैवानच्या फायसन आणि सिलिकॉन मोशन या दोन कंपन्यांचा, नाहीतर रिअलटेक किंवा चीनच्या मॅक्सिओचा. विकत घेतलेला म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. फायसनचा ई-१८ किंवा सिलिकॉन मोशनचा एसएम-२२६२ईएन हे वरच्या दर्जाच्या ड्राइव्हमध्ये बसलेले कंट्रोलर आहेत. पण त्याच कंपन्या अगदी स्वस्त मालासाठीही कंट्रोलर करतात. फायसनचा एस-११ त्यातला. त्याची ड्राइव्ह बिघडली की संगणकात तिचं मूळ नाव जाऊन 'साटाफर्म एस११' असं नाव दिसतं, आणि दुरुस्तीवाले ते नाव बघून मान हलवतात. (दादाची ड्राइव्ह त्यातली नव्हती. ती कुठली होती ते लिहीत नाही, एका मयतावरून घराण्याला नावं ठेवू नयेत.)

दुसरी गोष्ट दिवाणजीच्या वहीची. चांगल्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलरशेजारी डीरॅमची एक चिप असते, साधारण एक टेराबाइटला एक जीबी. नकाशा तिथे उघडा ठेवून काम चालतं. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती चिप गाळतात. मग दिवाणजीला प्रत्येक वेळी वही कपाटातून काढायची, एक पान बघायचं, परत ठेवायची. काम मंदावतं, आणि नकाशाच सारखा लिहावा लागल्यानं झीजही वाढते. हल्लीच्या पट्टीसारख्या एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्याच मेमरीतला थोडा कोपरा उसना घेतात, त्यामुळे तिथे डीरॅम नसलं तरी बरंच निभतं. जुन्या साटा जोडणीच्या ड्राइव्हला ही उसनवारी करता येत नाही. दादाचा संगणक जुना, साटाचा. त्याच्यासाठी डीरॅम असलेलीच घ्यायची, हे तिथेच ठरलं.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र माझं डोकं तापलं. नाव तेच ठेवून आतला माल बदलतात! अ‍ॅडाटाच्या एसएक्स-८२०० प्रो या नावाजलेल्या ड्राइव्हमध्ये सुरुवातीला एसएम-२२६२ईएन होता. सगळ्यांनी तपासून वाहवा केली. नंतर त्याच नावाखाली एसएम-२२६२जी हा उतरता कंट्रोलर बसू लागला, आणि २०२१ च्या सुमारास ते उघडकीला येऊन बराच गवगवा झाला. त्याच वर्षी सॅमसंगनंही ९७० इव्हो प्लसचा कंट्रोलर बदलला, पण खोकं बदललं आणि माहितीपत्रकात तसं छापलं. बदलाला माझी हरकत नाही. स्थळ दाखवताना थोरला मुलगा आणि मांडवात धाकटा, याला हरकत आहे. म्हणून माहितीपत्रकात कंट्रोलरचं नाव छापणारी कंपनी मी वरची मानतो. 'कंट्रोलर बदलू शकतो' एवढंच मोघम लिहिणारी त्याच्या खालची. काहीच न लिहिणाऱ्या खोक्याला हात लावत नाही. आणि मूठभर पैशात दोन टेराबाइट देणाऱ्या पदपथावरच्या पेट्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यात पुष्कळदा क्षमता खोटीच सांगितलेली असते. भरेपर्यंत कळत नाही आणि भरल्यावर जुनं पुसलं जातं.

एवढं सगळं पाहून घेतलं तरी खात्री होते का? नाही. २०२३ साली सॅमसंगच्या ९८० प्रो या महागड्या, स्वतःच्या कंट्रोलरच्या ड्राइव्हसुद्धा एका जुन्या फर्मवेअरमुळे अचानक नुसत्या वाचण्यापुरत्या उरत होत्या, आणि मालकांनी नवं फर्मवेअर चढवायचं होतं. फरक इतकाच की चूक मान्य करून औषध देणारा कुणीतरी तिथे जागेवर होता. म्हणून कंपनी फर्मवेअर देत राहते का, ते चढवायचा प्रोग्राम तिच्याकडे आहे का, आणि ती उद्या या धंद्यात असेल का, हेही बघावं लागतं. सँडफोर्सच्या कंट्रोलरवर नाव कमावलेल्या ओसीझेड कंपनीनं २०१३ मध्ये दिवाळं काढलं. त्याला इतरही कारणं होती. उलट क्रुशल हे नाव चालवणाऱ्या मायक्रॉननं हा किरकोळ विक्रीचा धंदा बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, पण विकलेल्या मालाची हमी पाळू असंही सांगितलं.

ज्यांच्या घरी ड्राइव्ह आधीच आहे त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम एकदा चालवून पाहावा. त्यात ड्राइव्हचं पूर्ण नाव, फर्मवेअरचा क्रमांक, किती तास चालली आणि आरोग्य किती उरलं ते दिसतं. नाव आणि फर्मवेअरचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. कंपनीच्या नव्या फर्मवेअरशी तो ताडून पाहता येतो. आणि जिथे विजेचा लपंडाव आहे (म्हणजे आपल्याकडे सगळीकडेच) तिथे संगणकाला यूपीएस हवा. मोठ्या सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर दिवाणजीला वही मिटण्यापुरता वेळ मिळावा म्हणून खास कपॅसिटर बसवलेले असतात. आपल्या घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. दादाच्या घरी यूपीएस होता. बॅटरी तीन वर्षांपूर्वी मेली होती, तो नुसता टेबलावर बसून होता.

आणखी एक गैरसमज मोडतो. पुष्कळ लोक फोटो एसएसडीत भरून ती लॉकरमध्ये ठेवतात. चिपेतला विद्युतभार विजेविना हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडी पूर्ण वापरून झाल्यावर, बंद अवस्थेत, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकली की पास. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ टिकते, पण उन्हाळ्यात तापलेल्या गोदरेजच्या कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्याची ती वस्तू नाही. त्यासाठी साधी, फिरती हार्ड डिस्क बरी, आणि तीही अधूनमधून जोडून पाहावी.

हे सगळं चाललं असताना मला सारखा एक मोठा संग्रह आठवत होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. आज तो संग्रह 'पारी' या संस्थेमार्फत लोकांपर्यंत पोचतो. ती दोघं आता नाहीत, त्यांच्या काळातली यंत्रं गेली, पण ओव्या आहेत. तिथे अनेक हातांनी त्या लिहून काढल्या, मुद्रित केल्या, भाषांतरित केल्या, आणि संग्रह एका पेटीत राहिला नाही. आमच्या घरात तीस कॅसेटींचा ऐवज होता आणि तो आम्ही एका अर्ध्या बिस्किटावर ठेवला.

दादाला मी फार बोललो नाही. कॅसेटी भंगारात गेल्या तेव्हा मीही फोनवर 'बरं केलंस, जागा झाली' असं म्हटलं होतं. वहिनींनी ती आठवण करून दिली.

शेवटी नवी ड्राइव्ह घेतली. डीरॅम असलेली, कंट्रोलरचं नाव माहितीपत्रकात छापलेली, पाच वर्षं हमीची. आधी काउंटरवर ठेवलेल्या खोक्याच्या जवळजवळ दीडपट पैसे पडले. एक वेगळ्या कंपनीची हार्ड डिस्कही घेतली, आणि यूपीएसची बॅटरी. दुकानातल्या मुलानं सगळं बसवून दिलं आणि विचारलं, "अंकल, डालना क्या है इसमें?"

तोच तर प्रश्न होता. मग मी बेळगावला आईला फोन लावला. मावशीनं गेल्या काही वर्षांत आईला व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून काही तुकडे पाठवले होते, दर आज्जीच्या तिथीला एक. आईनं फोन बदलताना ते पुसले नव्हते. मोजले तर नऊ निघाले. व्हॉट्सअ‍ॅपनं आवाज दाबून बारीक केला आहे, जात्याची घरघर आणि आज्जी एकमेकींत मिसळतात. पण आवाज तिचाच आहे. सहा कन्नड, तीन मराठी. एका तुकड्यात मधेच ती टेपकडे बघून "अदन बंद माड ग" म्हणते. त्या ड्राइव्हवर, त्या हार्ड डिस्कवर आणि बेळगावला माझ्या संगणकावर, असे आता ते नऊ तुकडे आहेत.

निघायच्या आदल्या रात्री मावशी आपणहून म्हणाली, "माझ्याच तोंडून घ्या की. मला काय येत नाही होय?" दादानं फोन पुढे धरला. पहिली तीन पदं ती न अडखळता म्हणाली. चौथ्यात मधली ओळ आठवेना. मग बेळगावला फोन लावला, तो बोलता करून टेबलावर ठेवला, आणि रात्री साडेदहाला दोघी बहिणींचं सुरू झालं. आई म्हणाली आधी कुंकवाची ओळ येते, मावशी म्हणाली छे, ती तर माहेरच्या पदातली. आईनं कन्नडात सुनावलं, मावशीनं मराठीत. दहा मिनिटांनी दोघीही चुकल्या होत्या असं दोघींच्या एकदम लक्षात आलं, आणि मग पलीकडून आई व अलीकडून मावशी, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं, एकत्र म्हणाल्या.

दादा म्हणाला, मधलं भांडण कापून टाकू का? मावशीनं नको म्हणून हात केला. फाइल बावीस मिनिटांची आहे.